पोपटी खणाच्या गुढीसह जप्त झालेली बुलबुलाची तीन पिल्ले

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
ग्रामपंचायत सार्वत्रिक निवडणूक, मौजे खडकओढा,
ग्रामपंचायत इमारत, खडकओढा, जि. सांगली.

अर्जदार : सुभेदार (निवृत्त) लालासाहेब ज्योतिबा सूर्यवंशी, वय ६१, राहणार देऊळवाट, खडकओढा.

विषय : जप्त केलेली गुढी तीतील घरट्यासह व जिवंत पिल्लांसह आज सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी परत मिळणेबाबत, ते जमत नसल्यास खोलीच्या खिडकीस फळी न ठोकणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १३ एप्रिल. २) आपल्या पथकाचा पंचनामा, दि. १५ एप्रिल. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. ४) त्या दोन्ही अर्जांवर आपल्या लिपिकाने दिलेले तोंडी उत्तर, "बघू."

महोदय,

१. अर्जदार सैन्यातून सुभेदार पदावरून निवृत्त झाला असून अर्ज लिहिणे हा त्याचा छंद नाही. तरीही चार दिवसांतला हा त्याचा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन अत्यंत आदराने लिहिले होते. त्यांच्या पोचपावत्या आहेत, उत्तरे नाहीत. हाही आदरानेच लिहावा, असे अर्जदाराने आज सकाळी अंघोळ करून ठरवले होते. पेनाचे टोक जेथे जेथे कागद फाडून गेले आहे, तेथे तेथे तो निश्चय टिकला नाही असे समजावे.

२. अर्जदाराच्या घराण्यात आजोबांपासून एक रीत आहे. पाडव्याची गुढी थोरल्या भावाने उभारायची आणि दिवस मावळण्यापूर्वी धाकट्याने उतरवायची. अर्जदार थोरला. धाकटा अर्जुना शेजारीच राहतो. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, अंगणात अर्ध्या विटेची भिंत आली आणि तेव्हापासून दोघा भावांत बोलणे बंद आहे. तरी दर पाडव्याला तो तिन्हीसांजेला भिंतीला वळसा घालून यायचा, गुढी उतरवायचा, गाठीचा तुकडा तोंडात टाकायचा आणि अवाक्षर न काढता जायचा. यंदा अर्जदार एका पॅनेलचे काम करतो आणि अर्जुना दुसऱ्याचे. यंदा तो आला नाही. दि. १९ मार्च रोजी अंधार पडेपर्यंत अर्जदार दारात उभा होता. पत्नी बनुबाई म्हणाली, "आवं, घ्या की तुमीच खाली. दिस बुडाला." अर्जदाराने गुढीला हात लावला नाही. उतरवायचा मान धाकट्याचा. तो चोरायचा नाही आणि त्याला बोलवायलाही जायचे नाही. याला कोणी हेका म्हणेल. अर्जदार शिस्त म्हणतो. गुढी रात्रभर राहिली, दुसऱ्या दिवशी राहिली, तिसऱ्या दिवशीही राहिली. गावात कुजबुज झाली. अर्जदाराने ती ऐकली आणि सोडून दिली.

३. दि. २४ मार्च रोजी बुलबुलाची जोडी आली. डोक्यावर तुरा, शेपटीखाली लाल. गुढीचा कडुलिंब वाळून चुरचुरीत झाला होता. त्या डहाळ्या आणि खणाच्या निऱ्या यांच्या मधल्या बेचक्यात, तांब्याच्या आडोशाला, त्यांनी काड्या आणायला सुरुवात केली. बनुबाईने खराट्याच्या दोन काड्या मुद्दाम अंगणात टाकून ठेवल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. शेजारच्या कुंपणावरच्या घेतल्या. पाच दिवसांत वाटीएवढे घरटे झाले. पुढे तीन अंडी आली, गुलाबीसर, तपकिरी ठिपक्यांची.

४. आता मुख्य अडचण अशी की गुढीचा बांबू अर्जदाराच्या चौकटीला बांधलेला असला, तरी त्याचे टोक कलून भिंतीपलीकडे जाते. घरट्यात काय चालले आहे ते अर्जदाराच्या अंगणातून दिसत नाही. ते फक्त अर्जुनाच्या जिन्याच्या सातव्या पायरीवरून दिसते. ज्या जिन्यावर सहा वर्षे पाऊल टाकले नव्हते, त्याच्या सातव्या पायरीवर बनुबाई पहिल्याच दिवशी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी अर्जदार "हिला हाक मारायला" म्हणून गेला. आठवड्याभरात चहा त्याच पायरीवर येऊ लागला. अर्जुनाची पत्नी दीपमाला आधी तीन कप आणायची, मग चार आणू लागली. दोघे भाऊ अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघेही पक्ष्यांविषयी बोलत होते आणि ते एकाच वेळी एकाच जागी होते.

५. या काळात दोन्ही घरांनी पाळलेले नियम कार्यालयाच्या माहितीसाठी नमूद करतो. दीपमालाने कुकर मागच्या पडवीत हलवला. अर्जुना आपली बुलेट वळणावरच बंद करून पन्नास पावले ढकलत आणू लागला. त्याच्या पॅनेलची भोंग्याची रिक्षा घरासमोर आली की तो हात वर करायचा आणि आवाज बंद व्हायचा. अर्जदाराच्या पॅनेलच्या रिक्षेला अर्जदार तसाच हात करायचा. साहेब, या निवडणुकीत आचारसंहिता या गावात कोठे पाळली गेली असेल, तर ती त्या घरट्यासमोरच्या वीस फुटांत. दि. १२ एप्रिलला सकाळी दीपमाला जिन्यावरून ओरडली, "आवं दादा, फुटली बगा अंडी! तीन हायत, तीनच्या तीन!" अर्जदार अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत धावला. अर्जुना हातात दुधाचे भांडे घेऊन धावला. दूध जिन्यावर सांडले आणि त्यावरून कोणी कोणाला बोलले नाही. गेल्या सहा वर्षांत त्या दोन घरांत इतके हसणे झाले नव्हते. हे सरकारी कागदावर लिहायला अर्जदाराला संकोच वाटत नाही.

६. दुसऱ्याच दिवशी आपली नोटीस आली. त्यात असे की, दि. २२ मार्च रोजी सोबत छापलेल्या छायाचित्रासह तक्रार प्राप्त झाली असून अर्जदाराच्या घरावर "पोपटी रंगाचा प्रचारध्वज" विनापरवाना लावलेला आहे. चोवीस तासांत घरमालकाचे संमतीपत्र सादर करावे. पोपटी हा अर्जदाराच्या पॅनेलच्या उपरण्याचा रंग आहे हे खरे. तो खण बनुबाईने कुंडलच्या बाजारात बादशहा मुल्ला यांच्या दुकानातून आणला तेव्हा पॅनेलचा जन्मही झाला नव्हता, हेही खरे. घर अर्जदाराचे आहे. म्हणून अर्जदाराने अर्जदाराला संमती दिली. आपल्या लिपिकाने संमती देणारा आणि घेणारा एकच असल्याने त्रयस्थ साक्षीदार मागितला. बादशहाभाईंनी दुकान बंद करून येऊन सही केली. मग साक्षीदार गावचा मतदार नाही म्हणून कागद परत आला. तोवर चोवीस तास संपले होते.

७. आणि साहेब, तक्रार २२ मार्चची! आपले पथक २३ मार्चला आले असते, तर त्या गुढीत काडीसुद्धा नव्हती. अर्जदार थोडा गुरगुरला असता, गुढी देऊन मोकळा झाला असता. तेव्हा पथक आले नाही. काड्या जमल्या तेव्हा आले नाही, अंडी होती तेव्हा आले नाही. तीन उघडी पिल्ले चोची वर करून बसली, तेव्हा बरोबर तिसऱ्या दिवशी आले. तीन आठवडे झोपलेल्या कार्यालयाला जाग यायला हाच मुहूर्त सापडावा, याचा अर्जदाराला संताप आहे आणि तो लपवण्याचे त्याला कारण दिसत नाही.

८. दि. १५ एप्रिल रोजी सायंकाळी साडेपाच वाजता चार कर्मचारी आणि एक चित्रीकरणवाला आले. अर्जदाराने पथकप्रमुखांना अर्जुनाच्या सातव्या पायरीवर नेऊन घरटे दाखवले. त्यांनी पाहिले. त्यांचा चेहरा क्षणभर माणसाचा झाला. मग त्यांनी हातातला छापील नमुना उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात घरट्याचा रकाना नाही हो." त्यांनी बांबू सोडायला सांगितले. अडवून झाले, विनवून झाले. शेवटी बांबू आडवा झाला तर पिल्ले पडतील, म्हणून अर्जदार स्वतः पुढे झाला. ज्याची वस्तू जप्त होत आहे त्यानेच "सावकाश चल, उभा धर, उजवीकडे तार आहे" असे हुकूम देत आपल्याच गुढीची जप्ती दोनशे पावले चालवली. वर नर आणि मादी किंचाळत उडत होती. बनुबाई पदर तोंडाला लावून मागे, दीपमाला तिच्या मागे. माणसे घराबाहेर आली, काहींनी हात जोडले. परवानगीशिवाय मिरवणूक काढण्यास आचारसंहितेत मनाई आहे. ही मिरवणूक आपल्या कार्यालयाने काढली, एवढेच नोंदवतो.

९. पंचनाम्यात पुढील वस्तू आहेत : बांबू एक, बारा फुटी, तांब्या एक, पोचा आलेला, खण एक, पोपटी, वाळलेला पाला, साखरेची गाठी, अर्धवट, इतर किरकोळ कचरा. अर्जदाराने विचारले, "पिल्लं कशात लिवली?" उत्तर मिळाले, "कचऱ्यात धरा." अर्जदाराने त्या कागदावर सही केलेली नाही. सव्वीस वर्षांत त्याने पुष्कळ सामानाच्या याद्यांवर सह्या केल्या. त्या याद्यांत खेचर असे, कुत्रा असे, त्यांना क्रमांक असे, नाव असे. श्वास घेणारी वस्तू कचऱ्यात लिहिलेली त्याने पहिल्यांदा आपल्या कार्यालयात पाहिली.

१०. गुढी इमारतीच्या मागच्या खोलीत उभी करून खोलीला कुलूप व लाखेचे सील लावण्यात आले. त्या रात्री दोन्ही घरांत कोणी जेवले नाही, कारण पिल्लांना भरवणार कोण? परंतु त्या खोलीच्या वरच्या खिडकीची एक काच फुटकी आहे. काल, दि. १६ रोजी सकाळी सहा वाजता अर्जदार तेथे गेला तर मादी त्या फुटक्या काचेतून आत जाताना दिसली. तोंडात हिरवी अळी होती. मागोमाग नर. दिवसभर दोघांच्या फेऱ्या चालू होत्या. अर्जदाराने समोरच्या कट्ट्यावर बसून मोजल्या, दुपारपर्यंत एक्केचाळीस. त्यांनी आपल्या कुलपाला, सीलाला आणि नमुन्याला विचारले नाही. अर्जदाराला तेव्हा आपल्या कार्यालयाचा राग क्षणभर विसरायला झाला.

११. तो क्षण काल दुपारी तीनपर्यंतच टिकला. तीन वाजता फलकावर सूचना लागली की, मतदानाचे साहित्य ठेवायचे असल्याने आज दि. १७ रोजी सायंकाळी पाच वाजता सदर खिडकीस फळी ठोकण्यात येईल. मतदान १९ ला, मोजणी २० ला, जप्त वस्तू परत मिळणार त्यानंतर. पिल्ले पाच दिवसांची आहेत. पिसे धड फुटलेली नाहीत. उडायला अजून आठवडा हवा, उपाशी मरायला एक दिवस पुरतो. फळीला चार खिळे लागतील. तीन पिल्लांना चार खिळे, हा हिशेब आपल्या कोणत्या परिपत्रकात आहे, ते कळवावे.

१२. काल सायंकाळी अर्जदाराने आपल्या लिपिकास विचारले की यातून वाट काय. सांगण्यात आले की तक्रारदाराने समक्ष येऊन तक्रार मागे घेतली, तरच वस्तू आधी परत देता येते; आणि तक्रारदाराचे नाव गोपनीय आहे. सबब, अर्जदार मागणी करतो की त्या इसमाचे नाव तात्काळ जाहीर करावे. दुसऱ्याच्या दारातल्या गुढीचा चोरून फोटो काढून ती निवडणुकीत ओढणारा हा कोण बहाद्दर आहे, हे गावाला कळू दे. अर्जदार त्याला हात लावणार नाही. कॉलरला धरून त्या खिडकीखाली उभा करील आणि आतली चिवचिव ऐकवील. असल्या माणसाला भाऊबंद म्हणायला कोणी

१३. वरील वाक्य अपूर्ण राहिले आहे, ते तसेच ठेवत आहे. कारण असे की, अर्जदार हा अर्ज सातव्या पायरीवर बसून, सर्वांना मोठ्याने वाचून दाखवत लिहीत होता. कलम १२ चालू असताना अर्जुना उठून उभा राहिला. सहा वर्षांत त्याने अर्जदारास उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य मूळ शब्दांत देत आहे : "दादा, नाव मागू नगा. ती तक्रार म्याच केलीया."

१४. मग त्याने सांगितले. पाडव्याला तो आला होता. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. त्याला वाटले, दादा एक हाक मारेल. "यंदा तरी हाक माराल म्हून हुबा ऱ्हायलो. तुमी दारात हुबं, मी कोपऱ्याला हुबा." हाक आली नाही. तीन दिवस गुढी डोळ्यांसमोर तशीच. चौथ्या दिवशी त्याच सातव्या पायरीवरून त्याने फोटो काढला आणि मोबाईलवरून तक्रार ठोकून दिली. दोन दिवसांनी पक्षी आले. घरटे झाल्यावर त्याने तीन वेळा तक्रार रद्द करायचा प्रयत्न केला, पण मोबाईलवर ती "कार्यवाही सुरू" दाखवायची आणि मागे जात नव्हती. समक्ष येऊन मागे घेता येते, हे त्याला कोणी सांगितले नाही आणि विचारायला गेलो तर नाव फुटेल ही भीती. नोटिशीतला फोटो वरून घेतलेला आहे, तो त्या पायरीखेरीज दुसरीकडून येऊच शकत नाही, हे ध्यानात यायला हवे होते. सव्वीस वर्षे टेहळणी केलेल्या अर्जदाराला ते दिसले नाही.

१५. अर्जदाराने त्याला काय उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आवाज देवळापर्यंत गेला असे म्हणतात. अर्जदाराचा राग तसूभरही कमी झालेला नाही. फक्त तो आता कोणावर किती काढायचा याची वाटणी नव्याने करावी लागेल. धाकट्यावर आहे, कारण त्याने चोरून वार केला. स्वतःवर आहे, कारण एक हाक मारायला जीभ वळली नाही. परंतु तो सगळा घरातला राग आहे. तो घरात बघून घेऊ. कार्यालयाने त्यात पडू नये. दीपमाला रडत होती. बनुबाईने अर्ज अर्जदाराच्या हातातून घेतला, पुन्हा हातात कोंबला आणि म्हणाली, "आदी पिल्लं सोडवा. भांडायला उभा जलम पडलाय दोगास्नी." यापेक्षा स्पष्ट आदेश अर्जदारास नोकरीतही मिळाला नव्हता.

१६. सबब, कलम १२ मधील मागणी मागे घेत आहे. तक्रारदार मिळाला आहे. तो अर्जदारासोबत ओळखपत्र घेऊन आपल्या दारात उभा आहे आणि समक्ष तक्रार मागे घेत आहे. आता आपल्या कार्यालयास सबब उरलेली नाही. मागणी एवढीच : खोली उघडावी, गुढी आहे तशी, उभी, आमच्या दोघांच्या हाती द्यावी, आणि पंचनाम्यातून "कचरा" हा शब्द खोडून तेथे "बुलबुलाची पिल्ले, जिवंत, तीन" असे लिहावे. खणाच्या पोपटी रंगाची अडचण असेल तर खणावर पांढरे पोते गुंडाळू, घरट्याला धक्का न लावता. तेही जमत नसेल, तर ती फळी ठोकू नये. मतदानाचे साहित्य दुसऱ्या खोलीत ठेवावे. शाळेच्या खोल्या रिकाम्या आहेत, मुलांना सुट्टी दिलीच आहे. फळी ठोकायचीच असेल, तर आधी एका पॅनेलच्या आणि दुसऱ्या पॅनेलच्या अशा दोन माणसांना त्या खिडकीखालून उचलून न्यावे लागेल. त्याचे चित्रीकरण अवश्य करावे.

१७. एक शेवटचे. वाटणीच्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या दिवशी केलेल्या आहेत. एकाच कागदावर, एकाच पेनाने, एकमेकांसमोर बसून आमची ही पहिली सही आहे. अर्जुनाने पेन घेतले तेव्हा अर्जदाराने कागद खालून धरून ठेवला. साहेब, पक्षी आपल्याला महत्त्वाचे नसतील. हा कागद वाया घालवू नका.

सोबत : १) आपल्या नोटिशीची प्रत. २) पंचनाम्याची प्रत, सही नसलेली. ३) खण कोणत्याही पॅनेलचा नसल्याबाबत बादशहा मुल्ला, कापड दुकानदार, कुंडल यांचा दाखला. ४) पिल्लांचे छायाचित्र, दि. १४ एप्रिल, दीपमालाच्या मोबाईलमधून. चोची मोजता येतात.

दिनांक : १७ एप्रिल २०२६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे
ठिकाण : खडकओढा

आपला, सायंकाळी पाच वाजेपर्यंत नम्र,

(सही)
लालासाहेब ज्योतिबा सूर्यवंशी
अर्जदार

(सही)
अर्जुना ज्योतिबा सूर्यवंशी
तक्रारदार आणि अर्जदाराचा धाकटा भाऊ